एक दिवस तो डबा तुम्ही खा

मोठ्या सुट्टीची घंटा झाली की पहिलीच्या वर्गात दोन-तीन मिनिटं कोणीच जेवत नाही. दप्तरं पालथी होतात, नॅपकिन सापडत नाही, नळाशी रांग लागते, कोणाची तरी बाटली लवंडते आणि तिघं जण "बाई, पाणी सांडलं" सांगायला धावत येतात. मग एकेक जण टेबलाशी येऊन डबा पुढे करतो. "बाई, उघडून द्या ना." प्राथमिक शाळेत मी एकोणतीस वर्षं शिकवलं. उजव्या अंगठ्याचं नख तेवढ्या वर्षांत कधी वाढलं नाही. डब्यांच्या झाकणांनी वाढूच दिलं नाही.

सुट्टी वेळापत्रकात पंचवीस मिनिटांची असते. पहिला घास तोंडात जाईपर्यंत त्यातली सात-आठ मिनिटं उडालेली असतात. शेवटची पाच मैदानाची. शेजारचा मित्र उठला की पोळी अर्धी असो की आख्खी, डबा बंद. उरतात बाराएक मिनिटं. तुम्ही सकाळी साडेपाचला उठून, एका शेगडीवर तवा आणि दुसरीवर कढई चढवून, घड्याळाकडे बघत जे करता त्याच्या वाट्याला येणारा वेळ एवढाच.

पालकसभेत अभ्यासाचं बोलून झालं की हमखास एक प्रश्न यायचा, "बाई, हा डबाच खात नाही हो, काय करू?" मी तेव्हा पालेभाजीचं महत्त्व वगैरे सांगायची. आता निवृत्त झाल्यावर कोणी विचारलं तर एकच सांगते. येत्या रविवारी नेहमीसारखा डबा भरा. तोच डबा, तीच वेळ, तेवढंच जेवण. बंद करून दप्तरात ठेवा. चार तासांनी जमिनीवर बसा, ताट-वाटी घेऊ नका, मोबाइलवर बारा मिनिटं लावा आणि तो डबा तुम्ही खा.

हे शहाणपण मला उशिराच आलं. माझा मुलगा तिसरीत असताना रोज रिकामा डबा घरी आणायचा. इतर आया तक्रार करत असताना मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते. मग एकदा त्याच्या शाळेच्या मागच्या गल्लीतून जाण्याचा योग आला. तिथल्या कुत्र्यानं माझ्या पोराला बघून ज्या प्रेमानं शेपटी हलवली, त्यावरून सगळा उलगडा झाला. कुत्रा चांगला गुटगुटीत होता. घरी येऊन विचारलं तर पोरगा म्हणाला, "आई, पोळी ओली असते." मला वाटलं, थापा मारतोय. पोळी कशी ओली असेल? पण दुसऱ्या दिवशी मी दोन सारखे डबे भरले आणि एक शिक्षकांच्या खोलीत नेऊन दुपारी उघडला. पोळ्या एकमेकींना चिकटून लगदा झाल्या होत्या, झाकणाला आतून घाम आला होता, टोमॅटोच्या भाजीचं पाणी कोपऱ्यातून खालच्या पोळीत उतरलं होतं आणि सगळ्याला प्लॅस्टिकचा वास येत होता. पोरगा खरं बोलत होता.

तुम्ही डबा ओट्यावर बघता, तो वाफाळता आणि ताजा. मूल तो बाकावर उघडतं, गार झाल्यावर, घाईत आणि चार मित्रांच्या देखत. पौष्टिक काय ते बहुतेक घरांत ठाऊक असतं. घोडं अडतं ते या प्रवासात.

वाफ, पाणी आणि झाकण

पोळी ओली होते ती वाफेनं. तव्यावरून उतरलेली पोळी थेट डब्यात गेली की तिची वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत तिच्यावरच टपकते. म्हणून पोळी तव्यावरून आधी जाळीवर किंवा सुती फडक्यावर पसरा. दोन-तीन मिनिटांत वाफ जाते. मग तूप किंवा तेलाचं बोट फिरवून घडी घाला आणि कपड्यात गुंडाळून ठेवा. डब्याच्या पोळीची कणीक थोडी सैल आणि मोहन जरा जास्त घालून भिजवा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. पूर्वी प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या दशम्या बांधून देत. त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहत, ते दुधामुळे. डब्यासाठीही तीच युक्ती चालते.

भाकरीचं मात्र वेगळं आहे. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे गार भाकरी कडक होते आणि सहा वर्षांच्या दुधाच्या दातांना झेपत नाही. ज्वारी-बाजरी डब्यात हवीच असेल, आणि असावीच, तर थालीपीठ किंवा धपाटे करा. भाजणीत किंवा पिठात थोडी कणीक, किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी आणि जरासं दही घातलं की ते दुपारपर्यंत मऊ राहतात आणि सोबत वेगळ्या भाजीची गरजही पडत नाही.

भाजीचं पाणी हा दुसरा शत्रू. रस्सा डब्यात देऊ नका, दिलात तर मराठीच्या वहीवर हळदीचा नकाशा उमटलाच म्हणून समजा. यावर आपल्या स्वयंपाकात फार जुना उपाय आहे, पीठ पेरलेली भाजी. भोपळी मिरची, कोबी, मेथी, पातीचा कांदा यांत शेवटी बेसन पेरून एक वाफ काढली की भाजी कोरडी होते, सांडत नाही आणि बेसनाची प्रथिनं आयती मिळतात. भेंडी, तोंडली, फरसबी मुळातच कोरड्या होतात. टोमॅटो घातलाच तर दाण्याचं कूट घाला, ते पाणी ओढून घेतं.

आणि ते झाकण. चारी बाजूंनी खटके असलेले डबे दुकानात छान दिसतात. हवाबंद, गळत नाहीत, सगळं खरं. पण पहिलीतल्या मुलाच्या बोटांत ते उघडायचा जोर नसतो. नवा डबा घेताना मुलाला दुकानात घेऊन जा आणि त्यालाच तीनदा उघडून बंद करायला लावा. जमलं नाही तर तो डबा परत ठेवा, रंग कितीही आवडलेला असो. बाटलीच्या बुचाचंही तसंच. मी अशी मुलं पाहिली आहेत जी बाईंना सांगायची लाज वाटते म्हणून डबा न उघडताच घरी नेतात. घरी आईला वाटतं, भाजी आवडली नाही.

शेवटी घास. तुकडा मोडायचा, त्यात भाजी धरायची, सांडू न देता तोंडात घालायची, हे काम आपल्याला सोपं वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका पोळीला दहा मिनिटं लागतात. तीच भाजी पोळीत भरून घट्ट सुरळी केली आणि मधून कापून दोन तुकडे केले की एका हातात धरून गप्पा मारत संपते. फळही चावून खायच्या बेतानं द्या. मोठं केळं अर्धं खाऊन उरलं की दप्तरात चिकटतं. त्याऐवजी वसईकडची छोटी वेलची केळी एका खेपेला संपतात. संत्र्याच्या सोललेल्या फोडी, चिकूचे काप, पेरूच्या बिया काढलेल्या फोडी असं काहीही चालेल. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून काढल्या तर काळ्या पडत नाहीत. अगदी लहान वर्गातल्या मुलांना आख्खी द्राक्षं देऊ नका, उभी चिरून द्या. घाईत खाताना ती घशात अडकू शकतात. त्या वयात आख्खे शेंगदाणेही नकोत, कूट द्या.

किती आणि काय

किती भरावं याचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा जास्तीकडे. एक साधं माप सरकारी योजनेत सापडतं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दुपारच्या जेवणाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. सहावी ते आठवीला हेच 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. घरच्या भाषेत 100 ग्रॅम पीठ म्हणजे तीन-चार पोळ्या आणि 20 ग्रॅम डाळ म्हणजे पोहे खायच्या चमच्यानं दोनेक चमचे. पण हे पूर्ण जेवणाचं माप आहे. सकाळच्या शाळेतून साडेबाराला घरी येऊन जे मूल जेवणारच आहे, त्याच्या डब्यात याच्या निम्मं पुरे. बारा मिनिटांत न संपणारा डबा रोज भरला की रोज परत येणार आणि रोज बोलणी खाऊन मुलाला डब्याचाच वीट येणार.

त्या मापात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धान्य, डाळ आणि भाजी तिन्ही आहेत. आपल्या घरच्या डब्यात मात्र बहुतेक वेळा डाळ गळते. पोळी आणि बटाटा, पोळी आणि साखरांबा, नुसता साबुदाणा. पोट भरतं पण प्रथिनं कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. हा आकडा घाबरण्यासारखा मुळीच नाही. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यात सहा. मुगाचं धिरडं, मटकीची कोरडी उसळ, बेसनाचा पोळा, दाण्याची चटणी तुपात कालवून पोळीला लावलेली, पनीरचे चार तुकडे, उसळीचं सारण भरलेला पराठा यांतलं एक काहीतरी रोज असलं की झालं. अंडं चालत असेल तर ऑम्लेट पोळीत गुंडाळून द्या; शाळेचा नियम तेवढा बघून घ्या.

दुसरी गळती लोहाची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ 69 टक्के मुलांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे बालवाडीच्या दारात उभ्या असलेल्या दर तीन मुलांतली दोन. वर्गात पेंगणारं, खेळताना लवकर दमणारं मूल आळशी असेलच असं नाही. मुलींच्या पालकांनी एक आकडा मनात ठेवावा. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 16 मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलीला 28. आणि घरोघरी "मुलगी आहे, कमी खाते" म्हणून तिचाच डबा लहान असतो.

लोह डब्यात यायला महागडं काही लागत नाही. मेथी, बाजरी, कडधान्यं, तीळ, अळीव यांत ते आहे. फक्त त्याच्यासोबत आंबट हवं. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांतलं क जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह अंगी लागायला मदत करतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळा, पोह्यांबरोबर लिंबाची फोड द्या, थंडीत आवळ्याची कँडी चालेल. उलट चहा ते लोह अडवतो. आपल्याकडे शाळेत जाण्याआधी मुलाला चहा-पोळी किंवा चहा-बिस्किट द्यायची सवय आहे. डबा उत्तम भरायचा आणि सकाळच्या पोळीबरोबर चहा पाजायचा, हे एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेणं झालं. सकाळी दूध द्या, नाचणीचं सत्त्व द्या, काहीच नको म्हणालं तर केळं द्या.

नाचणीबद्दल दोन शब्द. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज 650 मिलिग्रॅम. पण एकदम काळीभोर नाचणीची पोळी डब्यात दिलीत तर ती परत येणार. कणकेत चौथा हिस्सा नाचणी मिसळा. रंग जरा सावळा होतो, चव बदलत नाही.

नवं एकच, बाकी ओळखीचं

मूल नवा पदार्थ पहिल्यांदा खात नाही म्हणजे ते हट्टी आहे असं नाही. अनोळखी चवीला सावध राहणं हा त्या वयाचा स्वभाव आहे. एकच भाजी आठ-दहा वेळा समोर आली की मग कुठे ती ओळखीची होते. आपण दोनदा करतो, दोनदा परत येते आणि "ह्याला दुधी चालतच नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. पण ते आठ-दहा वेळा घरच्या ताटात व्हावेत, बाकावर नव्हे. नवी भाजी आधी रात्रीच्या जेवणात, सगळे खात असताना, चमचाभर वाढा. दोन-तीनदा खाल्ली की मग डब्यात. शाळेत मुलाला भूक लागलेली असते आणि आजूबाजूला समजूत घालणारं कोणी नसतं. डब्यात एक वस्तू तरी अशी असावी जी ते डोळे मिटून खाईल.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी पालक आणि मूल यांच्यात कामाची एक वाटणी सांगितली आहे आणि ती मला पटते. काय, कधी आणि कुठे द्यायचं ते पालकांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. काय करू ते आपण मुलाला विचारतो, नूडल्स म्हणालं की नूडल्स करतो आणि मग "सगळं संपव" म्हणून मागे लागतो. विचारायचंच असेल तर दोन चांगल्या गोष्टींतून विचारा. धिरडं देऊ की थालीपीठ? गाजर की काकडी? निवड त्याची, पण यादी तुमची.

पालक पिठात वाटून घालणं, गाजर किसून पराठ्यात मिसळणं याला माझा विरोध नाही. मीही केलंय. पण खोटं बोलू नका. "यात काही नाही, साधी पोळी आहे" असं सांगितलं आणि मुलाला हिरवा धागा दिसला की त्या दिवसापासून ते तुमची प्रत्येक पोळी उलटी करून बघतं. "आज हिरवी पोळी आहे" असं मोकळेपणानं सांगा. पहिलीतल्या मुलांना हिरवी पोळी ही मिरवायची गोष्ट वाटते.

पुडा

आता पुड्यांविषयी. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली आहे. महाराष्ट्र सरकारनं शाळांच्या उपाहारगृहांसाठी असा आदेश 2017 मध्येच काढला होता. मे 2025 मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना, कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक लावायला सांगितलं. हे सगळं फाटकापर्यंत ठीक आहे. पण दप्तरातून आत जाणारा चिप्सचा पुडा कोण अडवणार? तो तुमच्या घरातूनच आलेला असतो.

मी कट्टर नाही. सहलीला, वाढदिवसाला, सासूबाई दवाखान्यात असताना, पुडा गेला तर जग बुडत नाही. मात्र तो रोजचा झाला की जीभ त्या चवीला सोकावते आणि मग घरची पोळी फिकी लागते. पुड्याच्या मागची बाजू वाचायची सवय लावा. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त वजनाचं ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तिनांत साखर आणि मैदा दिसले तर "नाचणीयुक्त" या पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांचा अर्थ तुमच्या लक्षात येईल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या एकूण ऊर्जेत वरून घातलेल्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत असावा. आठ वर्षांच्या मुलाला ते साधारण 40 ग्रॅम पडतं, म्हणजे चहाचे आठ चमचे, तेही चहा, दूध, जॅम, बिस्किट सगळं मिळून. गूळही यात मोजायचा, हे सांगितलं की आज्या माझ्यावर रागावतात. पण गूळ-तूप-पोळी आठवड्यातून एकदा द्यायला माझी काही हरकत नाही.

नाक धरणारे मित्र

दुसरीतल्या एका मुलीनं एकदा मुळ्याची भाजी आणली होती. झाकण उघडलं आणि बाकावरच्या तिघांनी नाकं धरली. तिनं झाकण लावलं ते लावलंच. नंतर दोन आठवडे ती म्हणायची, भूक नाही. आई मला म्हणाली, "पण घरी तर ही मुळा दोनदा मागून खाते." दुसऱ्या दिवशी मी माझ्या डब्यात मुळ्याची भाजी आणली आणि मुलांच्यात बसून खाल्ली. चार जणांनी चव मागितली. वास होता तसाच होता. नाकं धरणं मात्र थांबलं.

प्रत्येक वर्गात हे करायला कोणी असेलच असं नाही. म्हणून मुळा, सुकट, बोंबील हे घरच्या ताटात राहू द्या. तुमचं अन्न वाईट आहे म्हणून नव्हे. सात वर्षांच्या जिवाला एकट्यानं ती लढाई लढायला लावू नये म्हणून. आणि हे दोन्हीकडून बघा. दुसऱ्याच्या डब्याला आपलं मूल "शी" म्हणत असेल तर त्याच दिवशी त्याला समजवा. कोणाच्या डब्यात काय असावं हे त्याच्या घरच्या चुलीवर, पैशांवर आणि रीतीवर ठरतं. वर्गातलं एक मूल हे शिकलं तर शेजारच्या दोघांचे डबे खाऊन संपतात, हे मी पाहिलेलं आहे.

उन्हाळा आणि सकाळची घाई

मार्च ते मे आणि पावसाळ्यातही शिळं-ताजं सांभाळा. शिजलेल्या अन्नात 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्यानं वाढतात आणि आपलं दप्तर चार तास त्यातच असतं. ओल्या नारळाची चटणी, क्रीम, मोड आलेली कच्ची कडधान्यं उन्हाळ्यात नकोत. कालचा भात फोडणीला टाकायचा असेल तर तो रात्री लगेच फ्रिजमध्ये गेलेला हवा आणि सकाळी चांगला कडकडीत गरम झालेला हवा. दहीभात द्यायचा तर सकाळी कोमट दूधभातात चमचाभर विरजण घाला. दुपारपर्यंत तो आपोआप दहीभात होतो आणि आंबट होत नाही.

हे सगळं वाचून एखादी आई म्हणेल, "बाई, मला साडेसातची लोकल पकडायची असते." म्हणूनच काम रात्री सरकवा. कडधान्य दोन दिवसांनी एकदा भिजवून मोड आणा, भाजी रात्री चिरून ठेवा, मुगाचं पीठ रात्री वाटा, दाण्याचं कूट आणि चटणी रविवारी करून ठेवा. पोळ्या केंद्रातून येत असतील तरी काही बिघडत नाही, जाळीवर पसरायचा नियम त्यांनाही लागू. आणि हे काम एकट्या आईचं आहे असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा डबा त्याचे बाबा भरायचे. त्यांना तीनच गोष्टी यायच्या, त्याच आलटूनपालटून. पण तो डबा कधी परत गेला नाही, कारण सुरळी करताना मुलगा शेजारी उभा राहून भाजी भरायचा.

आठवड्याचा बेत ठरलेला असला की सकाळी डोकं चालवावं लागत नाही. माझ्या सुनेच्या फ्रिजवर चिकटवलेला असा आहे. सोमवारी पीठ पेरलेल्या भोपळी मिरचीची सुरळी आणि वेलची केळं. मंगळवारी गाजर किसून घातलेलं मुगाचं धिरडं आणि दाण्याची चटणी. बुधवारी मटकीची कोरडी उसळ, पोळी, लिंबाची फोड. गुरुवारी दुधीचं थालीपीठ, लोण्याचा गोळा, पेरू. शुक्रवारी नातीच्या पसंतीचं, म्हणजे आप्पे किंवा फोडणीची पोळी. शनिवारी अर्धा दिवस, त्यामुळे दाण्याचं कूट घातलेला राजगिऱ्याचा लाडू. गंमत म्हणजे दर आठवड्याला तेच असतं म्हणून ती कधी कुरकुरत नाही. मुलांना ठरलेलं आवडतं.

परत आलेला डबा

डबा परत आला तर दारातच सुरू होऊ नका. आधी उघडून नीट बघा, काय उरलंय. पोळीचा मधला भाग गेलाय आणि कडा उरल्यात, म्हणजे कडा वातड झाल्या. भाजी गेली आणि पोळी उरली, म्हणजे पोळी ओली किंवा जास्त. सगळंच तसंच आहे, म्हणजे एक तर झाकण, नाही तर शेजारचे मित्र, नाही तर तब्येत. मग जरा वेळानं, खेळून आल्यावर विचारा, "आज कोणाबरोबर बसलास?" डबा का नाही खाल्लास या प्रश्नाला मुलं "माहीत नाही" म्हणतात. या प्रश्नाला सगळी हकीकत सांगतात.

आणि एवढं करूनही कळलं नाही, तर रविवार आहेच.

माझा तो तिसरीतला मुलगा आता अडतीस वर्षांचा आहे आणि आठवड्यातले तीन दिवस नातीचा डबा तोच भरतो. गेल्या महिन्यात माझ्या आग्रहाखातर त्यानं रविवारी सकाळी डबा भरून दप्तरात ठेवला, दुपारी फरशीवर बसून खाल्ला आणि मला फोन केला. भाजी चांगली होती म्हणाला, पोळीही मऊ होती. "पण आई, झाकण उघडताना माझंच नख तुटलं." सोमवारी नात नवा डबा घेऊन शाळेत गेली.